टीएमपीनॅमची वॉर्निंग: आधी ती देतंय कोण ते बघा

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या सियागंजातल्या एका घाऊक किराणा व्यापाऱ्याचा वीसेक वर्षं जुना, सी भाषेतला बिलांचा प्रोग्राम नव्या लिनक्स मशीनवर चढवायचा आहे. बिल्ड होतो, चालतोही. पण दर वेळी शेवटी एक ओळ उमटते: "द यूज ऑफ टीएमपीनॅम इज डेंजरस, बेटर यूज एमकेएसटेम्प". प्रश्नकर्त्याने जीसीसी या कंपाइलरला वॉर्निंग बंद करणारा डॅश-डब्ल्यू देऊन पाहिलं, कोडमध्ये प्रॅग्मा (कंपाइलरसाठीच्या सूचना) घातले, सापडेल तो 'नो' वाला स्विच लावला. ओळ जागची हलली नाही. तपासणाऱ्या साहेबांना बिल्डच्या लॉगमध्ये एकही वॉर्निंग चालत नाही, आणि सोमवारी काम दाखवायचं आहे. टीएमपीनॅम म्हणजे टेम्पररी फाईलसाठी रिकामं नाव सुचवणारं फंक्शन. कोडमध्ये ते तीन जागी आहे: बिलं तारखेप्रमाणे लावताना, बिल छापताना, आणि रोजचा स्टॉक रिपोर्ट तयार करून सामायिक फोल्डरमध्ये ठेवताना. शिवाय बारकोडची एक जुनी डॉट-ए लायब्ररी (कंपाइल झालेल्या कोडचा गठ्ठा) आहे. तिचा सोर्स कुणाकडेच नाही आणि तीही आतून हेच फंक्शन वापरते.

आधी नावांबद्दल. फंक्शनांची नावं मी उच्चारतो तशी लिहितोय. टीएमपीनॅम म्हणजे मधला ई नसलेलं, टेम्पनॅम म्हणजे ई असलेलं. दोन्ही वेगळी आहेत, पण दोघांचं दुखणं एकच.

आता तुमचे स्विच का चालले नाहीत ते. पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरावा तसे तुम्ही कंपाइलरवर स्विच भुरभुरलेत, आणि ही ओळ कंपाइलरची नाहीच. ती लिंकरची आहे, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे (ऑब्जेक्ट फाईली) जोडून प्रोग्राम बनवणाऱ्याची. ओळ नीट वाचा. सुरुवातीला एलडीचं, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या लिंकरचं, नाव असेल. मग तुमच्या फाईलचं नाव, आणि (डीबगसाठीचा डॅश-जी न देता बिल्ड केलं असेल तर) कंसात ओळीच्या क्रमांकाऐवजी डॉट-टेक्स्ट अधिक काहीतरी हेक्स आकडा. कंपाइलर बोलतो तेव्हा ओळ आणि रकाना सांगतो. लिंकरपुढे तुमचा सोर्स नसतो, ऑब्जेक्ट फाईल असते, म्हणून तो सेक्शनमधलं अंतर सांगतो. पडताळायचं असेल तर तीच फाईल डॅश-सी देऊन नुसती कंपाइल करा. चकार शब्द निघणार नाही. लिंक करायला घेतलीत की ओळ हजर.

याचं कारण जीलिबसीमध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत, आहे. तिथे टीएमपीनॅमच्या शेजारी एक खास सेक्शन ठेवलेला असतो. त्याचं नाव डॉट-जीएनयू-डॉट-वॉर्निंग आणि पुढे फंक्शनचं नाव, आणि त्यात मजकूर म्हणून तेवढं एकच वाक्य. कुणी त्या फंक्शनचा संदर्भ घेतलेला दिसला की लिंकर ते वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवतो. टेम्पनॅम, एमकेटेम्प आणि जुनं गेट्स यांच्यावरही अशाच चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत. कंपाइलरच्या प्रॅग्माला या चिठ्ठीचा पत्ताच नसतो.

प्लॅटफॉर्म बदलला की बोलणारा बदलतो. मॅकवर हीच तक्रार क्लँग कंपाइलर स्वतः करतो, कारण तिथे हेडरमध्येच फंक्शनवर डेप्रिकेटेडचा शिक्का मारलेला आहे. म्हणून तिथे प्रॅग्मा चालतो. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा कंपाइलर सी-४९९६ देतो आणि टीएमपीनॅम-अंडरस्कोर-एस वापरा म्हणतो. हा सल्ला डोळे मिटून घेऊ नका. ते एसवालं फंक्शन बफरची लांबी तपासतं, एवढंच. नाव देणं आणि फाईल उघडणं यांच्यामधली फट तिथे जशीच्या तशी राहते.

लिनक्सवर गप्प करण्याचे मार्गही आहेत, लपवत नाही. अलीकडच्या एलडीला नो-वॉर्निंग्ज हा पर्याय देता येतो, डॅश-डब्ल्यू-एल (जीसीसीकडून लिंकरला निरोप देणारा स्विच) मार्फत. पण त्याने लिंकरची सगळीच बोलती बंद होते. उद्या एक्झिक्युटेबल स्टॅकची तक्रार आली तर तीही तुम्हाला दिसणार नाही. एलएलडी हा दुसरा लिंकर या चिठ्ठ्या वाचतच नाही. तो लावलात तर ओळ आपोआप जाते. सोमवारचा लॉग स्वच्छ दिसेल. पण तेवढ्यावर थांबायचं असेल तरी आधी ती चिठ्ठी कशाबद्दल आहे ते बघू.

रात्री नऊनंतरचा आपला इंदूरचा सराफा बाजार डोळ्यांपुढे आणा. सोन्याचांदीची दुकानं बंद होतात आणि त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याचे ठेले लागतात. समजा तुम्ही एका माणसाला पुढे पाठवलंत, "कुठला ओटा रिकामा आहे बघून ये." तो आला, म्हणाला, "तिसरा." तुम्ही कढई, शेगडी, डबे उचलून तिसऱ्या ओट्यापाशी पोचलात तर तिथे दुसऱ्याने तवा तापवलेला. टीएमपीनॅम हा तो बघून येणारा माणूस. तो परत आला त्या क्षणापुरतं त्याचं म्हणणं खरं होतं. तुम्ही एफ-ओपन करेपर्यंत ते खरं राहीलच, याची हमी त्याने दिली नव्हती आणि त्याला देताही येत नाही.

ओट्यावर फार तर भांडण होईल. फाईलींच्या बाबतीत पुढचा माणूस गुपचूप बसतो. टेम्पररी फाईली ठेवायच्या स्लॅश-टीएमपी या सामाईक डिरेक्टरीची परमिशन १७७७ असते, म्हणजे मशीनवरचा कुणीही तिथे फाईल तयार करू शकतो. पुढचा १ हा स्टिकी बिट. त्यामुळे दुसऱ्याची फाईल पुसता येत नाही, पण नवीन नाव आधीच अडवून ठेवायला त्याची आडकाठी नाही. तुमच्या प्रोग्रामला मिळणारं नाव कुणी ओळखलं आणि त्या नावाने सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणारी नोंद) करून ठेवली, तिचं दुसरं टोक समजा तुमच्याच खात्याच्या खतावणीला जोडलं, तर तुमचा एफ-ओपन लिहिण्याच्या 'डब्ल्यू' मोडमध्ये त्या लिंकवरून चालत जातो आणि खतावणी रिकामी करून टाकतो. कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, त्याला अडवायचं कारण नाही, कारण फाईल तुमची आणि लिहिणारे तुम्हीच. प्रोग्राम रूट, म्हणजे सर्वाधिकारी खातं, म्हणून चालत असेल तर कुठली फाईल जाईल याला धरबंद नाही.

नाव ओळखायला फार हुशारी लागायची असंही नाही. ४.३ बीएसडीच्या वळणाचे एमकेटेम्प प्रोसेसचा क्रमांक घेऊन त्याला एक अक्षर जोडत. म्हणजे एका प्रोसेसला जास्तीत जास्त २६ नावं. हा क्रमांक (पीआयडी) चालू प्रोसेस दाखवणाऱ्या पीएस कमांडच्या यादीत सगळ्यांना दिसतोच.

इथे कुणीतरी म्हणेल की आता कर्नल सांभाळतं. थोडंफार सांभाळतं. २०१२ मधल्या लिनक्स ३.६ पासून प्रोटेक्टेड-सिमलिंक्स नावाचं सेटिंग आहे आणि बहुतेक डिस्ट्रो ते चालू करून देतात. स्टिकी बिट असलेल्या सार्वजनिक डिरेक्टरीत दुसऱ्याने ठेवलेल्या लिंकवरून ते जाऊ देत नाही. २०१८ च्या ४.१९ मध्ये साध्या फाईलींसाठीही तशीच सोय आली. पण ही सेटिंगं आहेत, मशीनमालकाच्या हातातली. ग्राहकाच्या दुकानात कुठलं जुनं मशीन कोपऱ्यात चालू आहे आणि त्याचं सेटिंग कुणी काय करून ठेवलंय, ते तुम्ही इथून सांगू शकत नाही.

शिवाय या फटीत पाय अडकायला चोर लागतोच असं नाही. माझ्या उमेदीच्या काळातली गोष्ट आहे. देवास नाक्याच्या पुढे एका तेलगिरणीत धर्मकाट्याचा प्रोग्राम मी सांभाळायला घेतला होता. दोन काटे, दोन खिडक्या, आत एकच लिनक्स मशीन. ट्रक काट्यावर चढला की वजन यायचं, पावती टेम्पररी फाईलमध्ये लिहिली जायची आणि तिथून प्रिंटरकडे. सोयाबीनचा हंगाम, दसरा-दिवाळीच्या मधले दिवस, बाहेर ट्रकांची रांग. एका दुपारी एक ड्रायव्हर पावती घेऊन खिडकीशी परत आला. ट्रकचा नंबर त्याचा नव्हता, वजन त्याचं नव्हतं, मालही त्याचा नव्हता. काट्यावरच्या बाबूने प्रिंटरला दोन शिव्या घातल्या आणि पावती पुन्हा काढून दिली. चार दिवसांनी पुन्हा तेच.

मी कोड उघडला. एके काळी तिथे टीएमपीनॅम होतं. माझ्या आधीच्या गृहस्थाला हीच वॉर्निंग छळत असणार. त्याने ती घालवली होती. टीएमपीनॅम काढून स्प्रिंटएफने स्वतःच नाव जुळवलं होतं: स्लॅश-टीएमपी, स्लॅश, पावती, आणि पुढे टाइम फंक्शनने दिलेले सेकंद. वर कॉमेंट होती, "वॉर्निंग फिक्स्ड". लॉग एकदम स्वच्छ. आणि ज्या सेकंदाला दोन्ही काट्यांवर एकदम बटण दाबलं जाई, त्या सेकंदाला दोन्ही प्रोसेसना एकच नाव मिळे. दुसरी पहिलीची फाईल रिकामी करून आपली पावती लिहून टाकी, आणि दोन्ही खिडक्यांवर एकच पावती छापली जाई. एरवी दिवसाला पंधरावीस ट्रक असताना हे कधी घडलं नसेल. हंगामात घडू लागलं.

हे सांगतोय कारण तुमच्या प्रश्नात शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की "नाहीतर स्वतःच पीआयडी घालून नाव बनवतो, मग वॉर्निंग येणारच नाही". येणार नाही, खरं आहे. लिंकर नावाला ओळखतो, फटीला ओळखत नाही. पण जीलिबसीचं टीएमपीनॅम निदान यादृच्छिक अक्षरं तरी घालतं. तुमच्या हाताने केलेलं नाव त्याहून कच्चं असेल. या एका उपायाकडे वळू नका. त्यापेक्षा वॉर्निंग तशीच दिसू दिलेली बरी.

आता एमकेएसटेम्प. ते दोन कामं एका झटक्यात करतं. नाव ठरवतं आणि ओपनला ओ-क्रिएट व ओ-एक्सक्ल हे दोन्ही झेंडे एकत्र देऊन फाईल उघडतं. ओ-एक्सक्लचा अर्थ असा की त्या नावाने काहीही आधीपासून असेल, अगदी कुठेही न पोचणारी सिमलिंक असली तरी, ओपन नापास व्हावं. नापास झालं की एमकेएसटेम्प दुसरं नाव घेऊन पुन्हा जातं. म्हणजे "रिकामा आहे का" हे विचारणं आणि बसणं एकाच क्षणी होतं, आणि निवाडा कर्नल करतं. जीलिबसी सहा अक्षरं ६२ चिन्हांतून उचलते, म्हणजे सुमारे ५,६८० कोटी नावं, आणि हार मानण्याआधी २,३८,३२८ वेळा प्रयत्न करते. फाईलची परमिशन ०६००, म्हणजे तुमच्याशिवाय कुणी वाचू शकत नाही. (फार जुन्या जीलिबसीमध्ये ती ०६६६ असे. आता तशी मशीनं दिसत नाहीत.)

वापरताना लोक कुठे आपटतात ते सांगतो. सगळ्या जागी मी स्वतः एकदा तरी आपटलोय.

पहिली आणि सगळ्यात जास्त वेळा: साचा. एमकेएसटेम्पला द्यायच्या नावाच्या शेवटी कॅपिटल एक्स सहा वेळा असावे लागतात आणि फंक्शन त्याच जागी खरी अक्षरं लिहितं. तुम्ही 'चार'-स्टार (इथे 'चार' म्हणजे सीमधला अक्षराचा प्रकार, आकडा नव्हे) म्हणजे पॉइंटर घेऊन तो थेट अवतरणातल्या मजकुराकडे वळवलात, तर तो मजकूर फक्त वाचायच्या मेमरीत असतो. लिहायला गेलं की सेगमेंटेशन फॉल्ट. 'चार' प्रकारचा एक ॲरे घ्या, चौकोनी कंस घालून, आणि तोच मजकूर त्यात भरा. दिसायला एका चिन्हाचा फरक आहे, पण मी यावर एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

तोच ॲरे लूपमध्ये दुसऱ्यांदा दिलात तर इनव्हॅल म्हणून चूक येते. कारण पहिल्या फेरीतच एक्स पुसले गेलेत. दर फेरीला साचा पुन्हा भरा.

हातात येतो तो फाईल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघडलेल्या फाईलचा क्रमांक, साधा इंट. चूक झाली तर वजा एक. तुमचा जुना कोड एफ-प्रिंटएफने भरलेला असेल, तर एफडी-ओपनने त्या डिस्क्रिप्टरवरच स्ट्रीम बांधा. काही जण इथे डिस्क्रिप्टर बंद करतात आणि त्याच नावाने पुन्हा एफ-ओपन करतात, कारण जुन्या ओळी तशाच ठेवता येतात. फाईल तुमची आहे आणि स्टिकी बिट आहे, म्हणून दुसरा कुणी ती लगेच बदलू शकत नाही, हे खरं. पण सिस्टिमडीची (लिनक्सवर सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या प्रोग्रामची) साफसफाई स्लॅश-टीएमपीतली दहा दिवस न हाललेली फाईल उचलून टाकते, आणि मोकळं झालेलं नाव मग कुणाचंही. महिनोन्महिने चालणाऱ्या प्रोग्रामात हे घडू शकतं. डिस्क्रिप्टर हातात असताना नावाकडे परत जायचं कारण काय?

आणि हेडर. मेकफाईलमध्ये डॅश-एसटीडी बरोबर सी-९९ लिहिलेलं असेल, तर एमकेएसटेम्पचं डिक्लरेशन लपतं, कारण ते सी स्टँडर्डचं नाही, पॉझिक्सचं, म्हणजे युनिक्स वळणाच्या सिस्टिमांच्या स्टँडर्डचं आहे. सगळ्या इन्क्लूडच्या वर पॉझिक्स-सी-सोर्स हा मॅक्रो २००८०९एल असा ठेवा, किंवा जीएनयू-९९ वापरा. हे न करता जुन्या जीसीसीवर नुसत्या वॉर्निंगवर निभावलं असेल, तर ते नशीब. एमकेएसटेम्प इंट देतं म्हणून चाललं. त्याचा भाऊ एमकेडीटेम्प पॉइंटर देतो. डिक्लरेशन नसेल तर कंपाइलर त्यालाही इंट धरतो, ६४ बिटांचा पत्ता ३२ वर कापला जातो, आणि प्रोग्राम अशा जागी कोसळतो की बघणाऱ्याला काही अर्थ लागत नाही. जीसीसी १४ पासून ही चूक वॉर्निंग न राहता थेट एरर झाली आहे. बरं झालं.

आता तुमच्या तीन जागा.

बिलं तारखेप्रमाणे लावायची फाईल प्रोग्राम संपला की कुणाला नको असते. तिला नाव हवंच कशाला? टीएमपीफाईल नावाचं फंक्शन साध्या सी स्टँडर्डमध्ये पहिल्यापासून आहे. ते उघडलेली स्ट्रीम हातात देतं आणि बंद केलं की फाईल आपोआप नाहीशी. टीएमपीनॅम आणि एफ-ओपन अशा दोन ओळींच्या जागी एकच ओळ, आणि शेवटची रिमूव्हही काढून टाका. एकच सावधगिरी: जीलिबसीचं टीएमपीफाईल नेहमी स्लॅश-टीएमपीतच जातं, टीएमपीडीर या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलला विचारत नाही. फेडोरामध्ये बऱ्याच वर्षांपासून आणि डेबियनमध्ये १३ पासून स्लॅश-टीएमपी ही मेमरीत असते. वर्षभराच्या बिलांना हे पुरून उरेल. पण कुणी दहा वर्षांचा डेटा एकदम लावायला बसला तर एमकेएसटेम्प घेऊन स्लॅश-वार-स्लॅश-टीएमपीत फाईल करा, आणि उघडल्या-उघडल्या अनलिंक करा. डिस्क्रिप्टर उघडा आहे तोवर फाईल जिवंत राहते, फक्त नाव जातं. प्रोग्राम मधेच मेला तरी कचरा मागे राहत नाही.

बिल छापायच्या जागी फाईलच नको. तुमचा कोड बिल फाईलमध्ये लिहितो आणि मग सिस्टिम फंक्शनने एलपी या छपाईच्या कमांडला त्या फाईलचं नाव देतो. एलपी स्टँडर्ड इनपुटवरूनही वाचतो. पी-ओपनने एलपी 'डब्ल्यू' मोडमध्ये उघडा, एफ-प्रिंटएफ त्याच स्ट्रीमवर सोडा, शेवटी पी-क्लोज करा आणि त्याने परत दिलेला आकडा तपासा. छपाई बिनसली तर तिथेच कळेल. आत्ता तुमच्या कोडला ते कळतच नाही. प्रिंटरचं नाव वापरणाऱ्याकडून घेत असाल तर ते तसंच कमांडमध्ये चिकटवू नका, मधे शेल आहे. धर्मकाट्याच्या प्रोग्रामात मी शेवटी हेच केलं. पावतीची फाईलच संपली, त्यामुळे तिचं नाव दुसऱ्याशी जुळायचा प्रश्नही संपला. अर्ध्याहून जास्त टेम्पररी फाईली निव्वळ सवयीने जन्माला येतात, असं माझं मत आहे. मजकूर आधी जमवून मग कुठे पाठवायचा ते ठरवायचं असेल तर ओपन-मेमस्ट्रीम बघा. ते मेमरीतच जमवतं.

स्टॉक रिपोर्टची गोष्ट जरा वेगळी. तिथे फाईल तयार करून रिनेमने सामायिक फोल्डरमध्ये ढकलायची आहे, म्हणजे वाचणाऱ्याला अर्धवट रिपोर्ट कधी दिसू नये. विचार बरोबर आहे, जागा चुकली आहे. स्लॅश-टीएमपी आणि सामायिक फोल्डर वेगवेगळ्या फाईल सिस्टिमवर असतील तर रिनेम एक्स-डेव्ह ही चूक देऊन थांबतं. तुमच्या जुन्या मशीनवर दोन्ही एकाच डिस्कवर असणार, म्हणून आजवर चाललं. नव्यावर चालेलच असं नाही. एमकेएसटेम्पचा साचा सामायिक फोल्डरमधलाच द्या, नाव टिंबाने सुरू करा म्हणजे साध्या यादीत दिसणार नाही. लिहून झालं की एफ-फ्लश, एफ-सिंक, मग रिनेम.

आणि रिनेमच्या आधी एफ-सीएचमॉड, ०६४४ देऊन. हे विसरलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येईल. ०६०० ही परमिशन फाईलबरोबर जाते. रिपोर्ट जागेवर असतो, नाव बरोबर असतं, तारीख आजची असते, आणि मुनीमजींना उघडत नाही. मला हा फोन आला आहे. मी पोहे अर्धे टाकून गेलो होतो, आणि काम होतं एका ओळीचं.

उरली बारकोडची लायब्ररी. सोर्स नाही, तेव्हा आतला कॉल बदलता येत नाही. इथे वॉर्निंग दाबायचा मोह समजण्यासारखा आहे. पण दाबण्याऐवजी ती मुळातून घालवायची एक युक्ती आहे. एलडीला रॅप नावाचा पर्याय देता येतो: रॅप बरोबर टीएमपीनॅम. मग सगळ्या ऑब्जेक्ट फाईलींतून, त्या डॉट-ए मधल्या सुद्धा, टीएमपीनॅमकडे जाणारा कॉल अंडरस्कोर-अंडरस्कोर-रॅप-अंडरस्कोर-टीएमपीनॅम या तुमच्या फंक्शनकडे वळतो. जीलिबसीच्या फंक्शनला आता कुणी हात लावत नाही, त्यामुळे चिठ्ठीही वाचली जात नाही.

तुमच्या त्या फंक्शनने करायचं एवढंच: पहिल्या कॉलला एमकेडीटेम्पने एक खासगी डिरेक्टरी तयार करायची, आणि पुढे नावं तिच्या आतली द्यायची, साधा वाढता आकडा घालून. डिरेक्टरीची परमिशन ०७००. आत दुसऱ्या कुणाला पाय ठेवता येत नाही, त्यामुळे नाव अंदाजाने ओळखलं तरी उपयोग शून्य. प्रोग्राम संपताना ॲट-एक्झिटमधून फाईली आणि डिरेक्टरी पुसून टाका. लायब्ररी नल देऊन बोलावते की बफर देऊन, ते मात्र बघा. नल असेल तर तुमच्या स्टॅटिक बफरमधून पत्ता द्यायचा. बफर दिला असेल तर तो एल-टीएमपीनॅम एवढाच असणार, आणि लिनक्सच्या जीलिबसीत तो आकडा २० आहे, शेवटचा शून्य बाइट धरून. हिशेब घट्ट आहे: स्लॅश-टीएमपी-स्लॅशची पाच, मग एक अक्षर, सहा एक्स, झाली बारा. पुढे एक स्लॅश आणि फाईलच्या नावाला जास्तीत जास्त सहा. इथे हौसेने "बारकोड-टेम्प" असलं लांब नाव ठेवलंत तर लायब्ररीच्या बफरवरून बाहेर लिहाल, आणि एक भोक बुजवताना दुसरं पाडाल. आकडा सहा अंकी ठेवा, ९९९९९९ च्या पुढे गेला तर नल परत करा.

हे रॅप फक्त डॉट-ए साठी. लायब्ररी डॉट-एसओ, म्हणजे प्रोग्राम चालताना जोडली जाणारी, असती तर तिचं लिंकिंग आधीच झालेलं असतं आणि त्या आतल्या कॉलला तुमचा स्विच पोचत नाही. तशा वेळी, प्रोग्राम सिस्टिमडीची सर्व्हिस म्हणून चालत असेल तर युनिट फाईलमध्ये प्रायव्हेट-टीएमपी बरोबर यस लिहा. त्या सर्व्हिसला तिची स्वतःची स्लॅश-टीएमपी मिळते, बाहेरच्या कुणालाही न दिसणारी. लॉगमध्ये ओळ आली तर येऊ द्या, आणि साहेबांना हेच कारण लेखी द्या. कारण लिहिलेलं असेल तर साहेब सहसा ऐकतात, हा माझा अनुभव.

सगळं बदलून झाल्यावर लॉगवर विसंबू नका. बनलेल्या प्रोग्रामवर एनएम (आतल्या नावांची यादी दाखवणारी कमांड) चालवा, अनडिफाइन्ड-ओन्ली आणि डायनॅमिकचा पर्याय देऊन, आणि यादीत टीएमपीनॅम, टेम्पनॅम, एमकेटेम्प शोधा. एकही दिसता कामा नये. एखादं दिसलंच, तर लिंकरला मॅप फाईल काढायला सांगून क्रॉस रेफरन्सची यादी घ्या. कुठल्या ऑब्जेक्टने ते ओढलं ते त्यात नावानिशी असतं. माझा अंदाज, तुम्हाला बारकोडच्या लायब्ररीत टेम्पनॅमही सापडेल. त्या काळच्या कोडमध्ये ही दोघं बहुधा जोडीनेच दिसतात. त्यालाही वेगळं रॅप लावा. पण टेम्पनॅमने दिलेलं नाव बोलावणारा फ्री करतो, तेव्हा तिथे स्टॅटिक बफर देऊ नका, मॅलॉक करूनच द्या.